खाजगी शाळा: फीही मीच भरते, पगारही तिथूनच घेते, आणि हिशोब जुळत नाही

गोदाकाठची

लेकीची चौथीची गणिताची वही समोर घेऊन बसलेय. त्यात लाल शाईची तीन अक्षरं आहेत. जून ते ऑगस्ट गोल, टपोरं अक्षर, पानाखाली 'व्हेरी गुड' आणि एक चांदणी. गणपतीनंतर दुसऱ्या बाई आल्या, त्यांच्या नुसत्या बरोबरच्या खुणा आणि घाईची सही. मग नाताळच्या सुट्टीनंतरची अकरा पानं कोरी, म्हणजे मुलीने लिहिलेली पण कुणी न तपासलेली. त्यानंतर तिसरं अक्षर. भागाकार नेमका त्या अकरा पानांत आहे. भाज्य मोठा असला की पुढचा अंक खाली उतरवून घ्यायचा, हे तिला आजही धड कळलेलं नाही. उत्तर अंदाजाने लिहिते, मग माझ्या तोंडाकडे बघते.

मी त्याच शाळेत शिकवते. नाशिकमधली, एसएससी बोर्डाची, इंग्रजी माध्यमाची विनाअनुदानित शाळा. सहावी ते आठवीला मराठी. बीए बीएड आहे, ११ वर्षं झाली. या ११ वर्षांत मला ११ नेमणूकपत्रं मिळाली आहेत, प्रत्येकावर १५ जून ते १५ एप्रिल. मे महिन्याचा पगार मी आजवर पाहिलेला नाही. हातात २१,५०० येतात.

फी वर्षाला ७२,०००. स्टाफची मुलगी म्हणून मला निम्मी. वह्या-पुस्तकं आणि गणवेश शाळा सांगेल त्या दुकानातून, ते ८,२०० वेगळे. नवऱ्याची सातपूरला कंपनीत नोकरी आहे, दोघांचं मिळून भागतं.

परवा रात्री सहज आकडे मांडले. लेकीच्या वर्गात ४२ मुलं, त्यातली दहा आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागांवरची, बिनफीची. ती सोडून बत्तीस जणांची फी २३,०४,००० होते. माझ्यासारखीचा दहा महिन्यांचा पगार २,१५,०००. एका तुकडीमागे दीड शिक्षक धरला तरी सव्वातीन लाखांच्या आत बसतो. पालक फी देतात ती 'चांगलं शिकवतील' म्हणून, आणि शिकवणाऱ्याच्या वाट्याला त्यातला सातवा हिस्सा येतो. म्हणून बाई टिकत नाहीत. पहिल्या बाई दुसऱ्या शाळेत तीन हजार जास्त मिळाले म्हणून गेल्या. दुसऱ्यांना सरकारच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून जिल्हा परिषदेत नोकरी लागली, त्यांना मीच पेढा भरवला. दोघींचं काही चुकलं नाही. पण मुलीचा भागाकार राहिला तो राहिलाच.

लेक आता पाचवीत जाईल. इथल्या बऱ्याच अनुदानित माध्यमिक शाळा पाचवीपासून सुरू होतात, म्हणजे बदलायचं तर आत्ताच. तुम्ही काय केलंत, का केलंत, सविस्तर लिहा. फी परवडते की नाही हा माझा प्रश्न नाही. त्या फीत नेमकं काय मिळतं, हे मला समजून घ्यायचंय.

हिंजवडी_शटल

ताई, तुमचा हिशोब पटला, पण आमच्या घरात तो वेगळ्या जागी बसतो. पुण्यात वाकडला राहतो, दोघंही आयटीत. मुलगा दुसरीत. बससकट १,६५,००० जातात. आईवडील लातूरला, इथे आमचं कुणी नाही. शाळा सकाळी आठ ते साडेतीन, मग तिथेच पाळणाघर साडेसहापर्यंत, नाश्ता-जेवणही तिथेच. आम्ही या पैशांत दोन नोकऱ्या विकत घेतो असं म्हटलं तरी चालेल. घराजवळच्या महापालिकेच्या शाळेत मी स्वतः जाऊन आलो. बाई खरंच चांगल्या होत्या, पण शाळा साडेबाराला सुटते. पुढे सहा तास मुलाने कुठे राहायचं?

फी शिक्षणाची आहे असं मीही मानत नाही. ती सुरक्षित जागेची आणि वेळेची आहे. ज्या घरात आजी आहे, त्यांचं गणित आमच्यापेक्षा पूर्ण वेगळं होतं.

गोदाकाठची

दादा, हे मनापासून पटलं. माझी लेक माझ्याबरोबर येते-जाते, म्हणून ही अडचण माझ्या ध्यानातच आली नव्हती.

माणदेशी_गुरुजी

जिल्हा परिषद शाळेत १७ वर्षं झाली. सध्या सोलापूर जिल्ह्यात वस्तीवरच्या शाळेवर आहे. दोन शिक्षक, चार वर्ग, ३१ पोरं. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी मॅडमकडे. एकाला पाढे लिहायला लावायचे आणि तोवर दुसऱ्याला वाचायला घ्यायचं, हेच रोजचं.

सकाळी सव्वासातला वस्तीवर पिवळी गाडी येते आणि आठ-नऊ पोरं तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला घेऊन जाते. टाय बांधलेली, डोळे चोळत असलेली पहिलीची पोरं. २३ किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. बाप ऊसतोडीला किंवा डाळिंबाच्या बागेत. फी २२,००० आणि गाडी ९,०००. त्यासाठी एकाने शेळ्या विकल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्यातली तीन पोरं गेल्या दोन वर्षांत आमच्याकडे परत आली. एक तिसरीतली मुलगी, इंग्रजी कविता खडाखडा म्हणायची. पुस्तकातला एक शब्द निम्मा झाकून 'हा कोणता' विचारलं तर गप्प. मराठीतही जोडाक्षर येत नव्हतं. घरात कुणाला इंग्रजी येत नाही, त्यामुळे पोरीचं नक्की काय अडलंय हे आईला दोन वर्षं कळलंच नाही. दिवाळीपर्यंत ती मराठी वाचायला लागली. त्यात माझी काही जादू नाही. तिला काय येत नाही, हे बघायला तिच्याजवळ रोज कुणीतरी बसलं, इतकंच.

आमच्या बाजूचंही लपवत नाही. बीएलओचं म्हणजे मतदारयादीचं काम, निवडणूक, सर्वेक्षणं, यू-डायसवर शाळेची माहिती भरायची, पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा, फोटो अपलोड करायचे. महिन्यातले काही दिवस यातच जातात. मॅडम प्रशिक्षणाला गेल्या की चारही वर्ग एका खोलीत. पालक म्हणतात, गुरुजी, तुम्ही चांगले आहात पण तुमची उद्या बदली झाली तर? त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

टेम्पोवाला_आकुर्डी

मी आरटीईचा बाप. मोठा मुलगा २०१८ ला २५ टक्क्यांत लागला. उत्पन्नाचा दाखला एक लाखाच्या आतला, भाडेकरार नोंदणी केलेला, सगळं गोळा करायला दोन महिने फिरलो. लॉटरीत नाव आलं त्या दिवशी बायको रडली.

शाळेने वाईट वागवलं असं म्हणणार नाही. वर्ग एकच, बाकही एकच. पण सहलीचे ३,५०० आले की पोरगं घरी सांगतच नाही, त्याच्या मित्राच्या आईकडून कळतं. वह्या, बूट, गॅदरिंगचा ड्रेस, हे सगळं धरून वर्षाला दहा-बारा हजार लागतातच. फुकट शिक्षण म्हणणाऱ्यांनी हे बघावं.

धाकटीच्या वेळी २०२४ साल होतं. फेब्रुवारीत सरकारने नियम बदलला, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला आरटीईच्या जागा द्यायची गरज नाही. आमच्या भागातल्या बहुतेक शाळा यादीतून गेल्याच. मे महिन्यात उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, जुलैमध्ये तो बदल रद्दच केला. तोवर शाळा सुरू होऊन महिना झाला होता. पोरगी ऑगस्टात वर्गात बसली.

आता खरी अडचण. मोठा यंदा आठवीत आहे. कायदा १४ वर्षांपर्यंत, आठवीपर्यंतच. नववीपासून पूर्ण फी, ८५,०००. आठ वर्षं ज्या मित्रांबरोबर शिकला त्यांना सोडून दुसरीकडे घालायचं, की कर्ज काढायचं? दहावी दोन वर्षांवर आली असताना माध्यम बदलायची हिंमत होत नाही. ताई, तुम्ही शाळेतल्या आहात, तुमच्याकडे अशी मुलं पुढे काय करतात?

गोदाकाठची

दादा, खरं सांगते. बरीचशी आठवीनंतर दाखला घेऊन जातात. दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक मुलगा गेला. मराठीत निबंध इतका सुरेख लिहायचा की मी तो वर्गात वाचून दाखवायचे. निरोप समारंभ दहावीचा असतो, आठवीतून जाणाऱ्यांचा नसतो. तो एका मंगळवारी आला नाही, एवढंच.

तुम्हाला कुणी एनएमएमएस, म्हणजे केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा सुचवेल, पण ती तुमच्या मुलाला देता येणार नाही. आठवीत असतानाच द्यायची असते, नववी ते बारावी वर्षाला १२,००० मिळतात. पण त्यासाठी आठवीतच सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत असावं लागतं.  तुम्ही शाळा बदलायचं ठरवलंत तर अनुदानित शाळेत चौकशी आत्ताच करा. आणि आजूबाजूला सेमी इंग्रजी तुकडी असलेली शाळा बघा. गणित आणि विज्ञान इंग्रजीतूनच राहतं, त्यामुळे मुलाला जड जाणार नाही.

लाल_पेन

मीही अशीच नोकरी सोडलेली बाई. २९ वर्षं वय, डीएड, टीईटी उत्तीर्ण. तीन वर्षं एका खाजगी शाळेत होते. बँकेत १९,००० जमा व्हायचे, पाच तारखेला ऑफिसात जाऊन ८,००० रोख परत द्यायचे. लिहिताना आजही हात थरथरतो. नोटा मोजून घ्यायच्या बाई माझ्याच गावच्या होत्या, त्या मान वर करून बघायच्या नाहीत.

अकरा हजारांत घर चालत नाही म्हणून संध्याकाळी शिकवण्या घेत होते. आरटीई कायद्याचं कलम २८ सांगतं की शिक्षकाने खाजगी शिकवणी घ्यायची नाही. मला माहीत होतं, तरी घेत होते. गेल्या जूनमध्ये शाळा सोडली आणि फक्त शिकवण्याच सुरू केल्या. ३० मुलं, प्रत्येकी ९००. त्यातली १९ त्याच शाळेची आहेत! त्यांचे आईवडील शाळेला साठ-सत्तर हजार देतात आणि मला वेगळे. दोन्हीकडे शिकवणारी मीच. शाळेत ४८ मुलांपुढे पस्तीस मिनिटं उभी असायचे, इथे सहा-सहाच्या गटाला एक तास मिळतो. पालकांनी तोच खर्च एकदाच, नीट जागी केला असता तर मी शाळेतच राहिले असते. मला वर्ग आवडायचा. फळ्यावर तारीख लिहायला आवडायचं.

निवृत्त_मुख्याध्यापक

साताऱ्याकडे अनुदानित शाळेत ३४ वर्षं काढली. शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून. वरचं वाचून झोप लागेना, म्हणून लिहितो.

लाल_पेन, बाळ, तुमच्याबाबतीत झालं ते बेकायदा होतं. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा आणि नियमावली १९८१ ची. ती अनुदान नसलेल्या शाळांनाही लागू आहे, आणि वेतनश्रेणी नियमाप्रमाणेच द्यायची आहे. नोकरीवरून काढलं तर शाळा न्यायाधिकरणात ३० दिवसांच्या आत अपील करता येतं. पण शिक्षक जात नाहीत. गावात शाळा पाच, त्यांचे चालक एकमेकांचे पाहुणे, मग तक्रार केलेल्या बाईला सहावी शाळा कोण देणार?

गोदाकाठची ताई, तुमची ११ नेमणूकपत्रं, हजेरीपत्रकाच्या प्रती, बँकेचं पासबुक, वर्गाचे निकालपत्रक, जे हाताशी असेल ते एका फाइलीत लावा. उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा कायदा शिक्षकांना २००९ च्या दुरुस्तीने लागू झाला, तोही ३ एप्रिल १९९७ पासूनच्या सेवेला. शाळाचालक त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये हरले. दरवर्षीच्या त्या दोन महिन्यांच्या खंडाचा अर्थ काय लावायचा, हे चांगल्या वकिलाला विचारा, पण कागदच नसतील तर त्यालाही काही करता येणार नाही.

संस्थेची बाजूही थोडी सांगतो. मोठ्या शहरात जागेचं भाडं किंवा इमारतीचं कर्ज, बस, सुरक्षारक्षक, आग विझवण्याची यंत्रणा, हे खर्च खरे आहेत. आरटीईच्या मुलामागे शासनाने ठरवलेली प्रतिपूर्ती १७,६७० रुपये होती आणि तीही वर्षानुवर्षं थकली. लहान शाळा यात खरोखर मेटाकुटीला आल्या आहेत. मला त्यांचं दुःख कळतं. पण कात्री लावायची वेळ आली की ती आधी शिक्षकाच्या पगाराला लागते, हे मला कधीच मान्य झालं नाही.

आता पालकांसाठी. फी नियमनाचा कायदा २०११ चा आहे. प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ हवा आणि त्याच्या कार्यकारी समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात, संस्थेने आपल्या मर्जीतले बसवायचे नसतात. फीचा प्रस्ताव या समितीपुढे आलाच पाहिजे, आणि ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. तो प्रस्ताव मागा. त्यात शिक्षकांच्या पगाराचा खर्च दाखवलेला असतो. पालकांनी बसच्या फीवर भांडण्याआधी तो एक रकाना वाचावा. मी ज्यांना ज्यांना हे सांगितलं, त्यांतल्या फार थोड्यांनी कागद मागितला.

फोंडेकर

गोव्याहून. आमच्याकडे 'खाजगी शाळा' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जे येतं ते वेगळं. इथली बहुतेक हायस्कुलं खाजगी संस्थांची, पण अनुदानित. व्यवस्थापन संस्थेचं, कुठे चर्चचं, पगार सरकारी तिजोरीतून. माझ्या मुलाची फी सांगितली तर तुम्हाला खोटं वाटेल. त्याचे गणिताचे सर मलाही शिकवत होते, पुढच्या वर्षी निवृत्त होतात. २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचं ठरलं तेव्हा इथे केवढं आंदोलन झालं. मराठी-कोंकणी शाळांचं त्यात नुकसान झालं, हे माझं आजही मत आहे. पण शिक्षक टिकतो का, एवढाच प्रश्न असेल तर उत्तर इथे दिसतं. पगार वेळेवर आणि पूर्ण मिळतो, म्हणून टिकतो.

आकडेमोड

यावर एक चांगला अभ्यास झालेला आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी २००८ ते २०१२ या काळात तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशातल्या गावांमध्ये सरकारी शाळेतल्या मुलांना लॉटरीने खाजगी शाळेत जाण्यासाठी फीची मदत दिली. म्हणजे 'हुशार घरची मुलंच खाजगीत जातात' ही शंकाच उरली नाही. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात दोन्हीकडची मुलं सारखीच निघाली. हिंदीत मात्र खाजगीतली पुढे होती, कारण तिथे हिंदी शिकवायला तास ठेवलेला होता.

पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. खाजगी शाळांचा एका मुलामागचा खर्च सरकारी शाळांच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी होता, आणि त्याचं मोठं कारण शिक्षकांचे अगदी तुटपुंजे पगार. तेवढ्याच शिक्षणासाठी कमी खर्च, म्हणून काही जण याला खाजगी शाळांची कार्यक्षमता म्हणतात. लाल_पेन यांचा प्रतिसाद वाचल्यावर मला तो शब्द वापरवत नाही. हा अभ्यास खेड्यातल्या स्वस्त शाळांचा आहे, हिंजवडी_शटल यांच्या शाळेला तो लागू करू नये.

हिंजवडी_शटल

मुख्याध्यापक सर, तुमचं वाचून आज शाळेत विचारलं, 'प्राथमिक विभागात पाच वर्षांहून जास्त काळ असलेले शिक्षक किती?' प्रवेशाच्या वेळी मी तरणतलाव बघितला होता, रोबोटिक्सची खोली बघितली होती, हे विचारायचं सुचलंच नव्हतं. समोरच्या बाई म्हणाल्या, कळवतो. फीच्या प्रस्तावाची प्रतही लेखी मागितली आहे. आम्ही सहा पालक आहोत.

गोदाकाठची

सगळ्यांचे आभार मानायला उशीर झाला, परीक्षेच्या वह्या होत्या.

गेल्या शुक्रवारी जुन्या नाशकातल्या एका अनुदानित शाळेत गेले होते. सेमी इंग्रजी. इमारत जुनी, जिन्याच्या फरश्या मधोमध झिजलेल्या, मुतारीची अवस्था सांगण्यासारखी नाही. एका वर्गात ६० मुलं. हे सगळं मी घरी येऊन नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं, कारण ६० च्या वर्गात माझी अबोल पोरगी हरवेल ही भीती खरी आहे.

पाचवीच्या गणिताच्या बाई भेटल्या. १९ वर्षं त्याच शाळेत. त्यातली आधीची तीन मानधनावरच्या शिक्षणसेवक म्हणून आणि पुढची काही २० टक्के, ४० टक्के अनुदानाची वाट बघत विनाअनुदानित तुकडीवर काढलेली, तेव्हा त्यांनाही सुखासुखी मिळालेलं नाही. आझाद मैदानावरच्या आंदोलनात दोनदा जाऊन आल्या आहेत. लेक माझ्या मागे उभी. मी वही पुढे केली. बाईंनी पानं उलटली, तिन्ही अक्षरं बघितली, कोऱ्या अकरा पानांवर थांबल्या आणि मला काही न विचारता लेकीला विचारलं, "इथे कोण शिकवत होतं गं?"

"कुणीच नाही," लेक म्हणाली.

बाईंनी खडू तिच्या हातात दिला आणि फळ्यावर ८४ भागिले ३ लिहिलं. लेकीने २ लिहिले, ६ वजा केले आणि थांबली. बाई म्हणाल्या, "तो चार बाहेर एकटाच उभा आहे बघ, त्याला खाली बोलव." तिने बोलावलं.

अर्ज भरला आहे. माझी फी-सवलत जाईल, पण तिथली फीच इतकी कमी आहे की सवलतीचा प्रश्न उरत नाही. दाखल्यासाठी आमच्या ऑफिसात अर्ज दिला, तर दोन दिवस टोलवाटोलवी झाली. आरटीई कायद्याच्या कलम ५ प्रमाणे सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाणाऱ्या मुलाला दाखला लगेच द्यावा लागतो, आणि तो मिळायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. हे मी शांतपणे, पण उभं राहूनच सांगितलं. काल मिळाला.

मी मात्र अजून त्याच शाळेत आहे. सर, फाइल लावायला घेतली आहे. २०१६ चं नेमणूकपत्र सापडत नाही, माळ्यावरच्या ट्रंकेत आज बघते. टेम्पोवाला दादा, मुलाच्या शाळेचं काय ठरलं ते इथेच लिहा. त्याचा मराठीचा सराव मी शनिवारी फोनवरून घेईन, एक पैसा घेणार नाही.

टेम्पोवाला_आकुर्डी

ताई, शनिवारी पाचनंतर गाडी लागलेली असते. पोरगं बसेल.